केकमधलं अंडं आणि आपली मर्जी

तयार पिठाचं पाकीट आणून केलेला केक किंवा ढोकळा पाहुण्यांपुढे ठेवताना, "घरीच केलाय हो," म्हणताना तुमची जीभ क्षणभर अडखळते का? अडखळत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या-माझ्या मनातल्या या एवढ्याशा अडखळण्याचा अभ्यास अमेरिकेत सत्तरएक वर्षांपूर्वी पैसे देऊन करवून घेतला गेला, आणि त्याच्या जोरावर माल विकला गेला.

हे मला समजलं ते 'द सेंच्युरी ऑफ द सेल्फ' या माहितीपटामुळे. बीबीसीने तो २००२ साली दाखवला. ॲडम कर्टिस यांनी केलेला, एकेक तासाचे चार भाग. आमच्या भिशीतल्या सहाजणींनी चार शनिवार दुपारी तो पाहिला. इंग्रजी आहे, म्हणून मी मधूनमधून थांबवून मराठीत सांगत होते. करमणूक म्हणून बसाल तर फसाल, हे आधीच सांगते. शेवटी उठताना मन जड होतं. तरीही तो बघावा असं मला वाटतं. का, ते सांगते.

सिगारेटची मशाल

गोष्टीचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो एडवर्ड बर्नेज. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या बहिणीचा हा मुलगा. आणि फ्रॉइडच्या पत्नीच्या भावाचाही. म्हणजे आपण ज्याला साटंलोटं म्हणतो तसलं नातं! मामाने माणसाच्या मनातल्या दडलेल्या इच्छा शोधल्या, भाच्याने त्या व्यापाऱ्यांच्या कामी लावल्या.

त्या काळी अमेरिकेत बाईने चारचौघांत सिगारेट ओढणं शोभत नसे. म्हणजे निम्मं गिऱ्हाईक हातचं गेलं, असं तंबाखू कंपनीला वाटे. बर्नेजने एका मनोविश्लेषकाचा सल्ला घेतला आणि १९२९ च्या ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या मिरवणुकीत काही तरुणींना सिगारेटी पेटवायला लावल्या. वर्तमानपत्रांना आधीच कुणकुण दिलेली होती. सिगारेटींना नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. पुढाकार घेणारी मुलगी बर्नेजचीच सेक्रेटरी होती, हे वाचणाऱ्यांना कुठून कळणार? बायकांना खरोखर हवं होतं ते स्वातंत्र्य, आणि हातात आली सिगारेट.

या बर्नेजच्या पत्नीविषयी, डोरिस फ्लाइशमनविषयी, मी नंतर मुद्दाम वाचलं. लग्नानंतर माहेरच्या नावाने पासपोर्ट मिळवणारी ती अमेरिकेतली पहिली विवाहित स्त्री. १९२५ ची गोष्ट. नवऱ्याच्या धंद्यात बरोबरीची भागीदार, पण नाव झालं ते त्याचंच. आणि गंमत ऐका. जगातल्या बायकांच्या हाती सिगारेट देणारा हा गृहस्थ घरात बायकोची सिगारेट सुटावी म्हणून तिच्या सिगारेटी मोडून टाकत असे, असं त्याच्या मुलीनेच सांगून ठेवलं आहे.

एक अंडं घाला

दुसऱ्या भागात आपलं स्वयंपाकघर येतं. अंडं न खाणाऱ्या मैत्रिणींनी रागावू नये! बेटी क्रॉकर या नावाने केकचं तयार पीठ निघालं होतं. ही बेटी क्रॉकर म्हणजे कोणी बाईच नव्हे. पिठाच्या एका कंपनीने गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला १९२१ मध्ये हे नाव तयार केलं. पण गृहिणींचा तिच्यावर एवढा विश्वास, की सल्ला विचारणारी पत्रं घरोघरून येत.

या तयार पिठाला बायका बिचकतात, असं कंपनीच्या लक्षात आलं. व्हिएन्नाहूनच आलेले अर्नेस्ट डिक्टर नावाचे मानसशास्त्रज्ञ बायकांना एकत्र बसवून मोकळेपणाने बोलू देत. त्यांचा निष्कर्ष असा, की नुसतं पाणी घालून केक होतो याची गृहिणीला आतून टोचणी लागते. मग उपाय काय? पाकिटावर लिहा, एक अंडं घाला. म्हणजे आपण काहीतरी केलं, असं तिला वाटेल. माहितीपट म्हणतो, खप वाढला.

हे बघताना आम्ही खूप हसलो, आणि मग एकदम गप्प झालो. आमच्यातली एक हळूच म्हणाली, "म्हणजे आपली म्हणून काही मर्जीच नाही?"

केळ्यांपासून मतांपर्यंत

माहितीपट पिठावर थांबत नाही, आणि खरी भीती पुढेच वाटते. ग्वाटेमाला या छोट्या देशात निवडून आलेल्या आर्बेन्झ सरकारने केळ्यांचा व्यापार करणाऱ्या एका बलाढ्य अमेरिकी कंपनीची पडीक जमीन गरिबांना वाटायला घेतली. कंपनीने बर्नेजला नेमलं. हे सरकार कम्युनिस्ट आहे, अमेरिकेला धोका आहे, असं वातावरण त्याने पत्रकारांमार्फत उभं केलं. १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने ते सरकार उलथवलं. ज्या हाताने सिगारेट विकली, त्याच हाताने हे.

शेवटच्या भागात अमेरिकेचे क्लिंटन आणि ब्रिटनचा मजूर पक्ष येतो. पाच-दहा मतदारांना एका खोलीत बसवायचं, काय हवं ते विचारायचं आणि तेच बोलून निवडणूक लढवायची. केकच्या पिठाचीच रीत! पण माणसाला कर कमी हवा असतो आणि सरकारी दवाखाना, शाळा, रेल्वेही चांगली हवी असते. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे त्या खोलीत कोणी विचारत नाही. अशा वेळी नागरिक उरत नाही, नुसतं गिऱ्हाईक उरतं, असं कर्टिस दाखवतात.

आमच्या सहाजणींचं काय झालं?

एकीने तिसऱ्या शनिवारी येणंच सोडलं. "डोकं उठतं गं. आधीच घरात काय कमी ताप आहेत?" म्हणाली. तिचं मला चूक वाटत नाही. दुसरीच्या यजमानांचं किराणा दुकान. ती म्हणाली, "आमचे हे गोळ्या-बिस्किटं खालच्या फळीवर मांडतात, पोरांच्या डोळ्यांसमोर. त्यांना कुठल्या फ्रॉइडने शिकवलं?" तिसरी म्हणाली, निवडणूक जवळ आली की हळदीकुंकवाला बोलावून वाण देतात ते काय मग? आणि एकजण रागावून म्हणाली, "सगळंच खोटं असेल तर मत तरी कशाला द्यायचं?"

या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. कारण माहितीपट बघून असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तेच धोक्याचंही आहे. आपण बाहुल्या आहोत असं एकदा मनाने घेतलं, की दोरी ओढणाऱ्याचं काम सोपंच झालं ना?

म्हणून मी थोडी शोधाशोध केली. अंड्याची गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. अंडं घालायला सांगणारं केकचं पीठ पिट्सबर्गच्या एका कंपनीने १९३० च्या दशकातच काढलं होतं, डिक्टरच्या सल्ल्याच्या कितीतरी आधी. शिवाय ताज्या अंड्याचा केक सुकवलेल्या अंड्याच्या भुकटीपेक्षा चवीला चांगला होतो, हे साधं कारण कोणतीही सुगरण सांगेल. त्या मिरवणुकीच्या आधीही अमेरिकी बायका सिगारेट ओढू लागल्या होत्याच. बर्नेजचा धंदा जाहिरातीचा. स्वतःची जाहिरात तो करणार नाही होय?

आणि खुद्द माहितीपटही आपल्या मनावर काम करतोच की! जुन्या चित्रफिती, पाठीमागचं संगीत, निवेदकाचा शांत, ठाम आवाज. लोक नुसत्या इच्छांवर नाचतात ही मूळ समजूत त्या जाहिरातवाल्यांची. कर्टिस त्यांच्यावर टीका करतात, पण त्यांच्या करामतीवर विश्वासही त्यांच्याइतकाच ठेवतात, असं मला वाटलं.

आपल्याकडचीच आठवण सांगते. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतरजणींनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभारली. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत गृहिणी रस्त्यावर आल्या. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र मागवू लागली. वाटप सभासदांनीच करायचं. यातल्या बायकांनाही इच्छा होत्या, मोह होते. पण त्या एकेकट्या नव्हत्या. जाहिरात आपल्याला नेहमी एकेकटीला गाठते, आता तर हातातल्या मोबाइलवर. चारचौघी मिळून बोलू लागल्या की तिचा जोर कमी होतो.

बघणार असाल तर

चारही भाग एका बैठकीत बघू नका. एकटीने बघू नका. दोघी-तिघी तरी जमा. मोठ्या वर्गातल्या मुलामुलींना जवळ बसवा, मात्र तिसऱ्या-चौथ्या भागाआधी स्वतः एकदा पाहून घ्या. "हे याला कसं कळलं?" असा प्रश्न दिसेल त्या ठिकाणी थांबवून विचारा. त्या आठवड्यात टीव्हीवरच्या जाहिराती आवाज बंद करून बघा आणि काय विकताहेत ते मुलांना ओळखायला सांगा. वस्तूऐवजी कधी आईची माया, कधी शेजारणीचा हेवा विकताना दिसेल.

आणि चौथा भाग संपला की तसंच उठून कामाला लागू नका. चहा टाका आणि अर्धा तास बोला. आमच्या त्या रागावलेल्या मैत्रिणीचा प्रश्न तुमच्यातही कोणीतरी विचारीलच. तिला उत्तर दिल्याशिवाय घरी पाठवू नका.