विश्लेषण : कोटेशनवर संस्थांचे लोगो, पण परवाना आहे का? फायर अलार्मचे काम देताना सोसायट्यांनी काय तपासावे?

इमारतीत फायर अलार्म बसवायचा म्हणून सोसायटीने कोटेशन मागवली की अनेक कागदांवर कंपनीच्या नावाखाली दोन-तीन संस्थांचे लोगो दिसतात. ‘मेंबर’ हा शब्द वाचून कंपनी सरकारमान्य असल्याचा कमिटीचा समज होतो. मात्र महाराष्ट्रात या कामाचा अधिकार संघटनेच्या सदस्यत्वातून नव्हे, तर सरकारी परवान्यातून मिळतो. ही गल्लत सोसायटीला महागात पडू शकते.

कायदा काय सांगतो?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ राज्यात डिसेंबर २००८ पासून लागू आहे. कायद्याच्या कक्षेतील इमारतींमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा बसवण्याचे आणि तिच्या देखभालीचे काम परवानाधारक एजन्सीनेच करायचे असते. हा परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतो. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन विभागाला सादर करावे लागते. परवाना नसलेल्या कंपनीकडून काम करून घेतले, तर हे प्रमाणपत्र देणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारीही मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे व्यवहारात सोसायटीची असते. ठेकेदाराकडे बोट दाखवून ती टळत नाही.

मग सदस्यत्वाचा अर्थ काय?

तो संस्थेनुसार बदलतो. अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ म्हणजेच एनएफपीए ही १८९६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. फायर अलार्मसाठी जगभर संदर्भ म्हणून वापरली जाणारी ‘एनएफपीए ७२’ ही संहिता तिचीच. मात्र वार्षिक शुल्क भरून कोणीही तिचे सदस्य होऊ शकते. शिवाय ही संस्था कोणतेही उपकरण किंवा बसवलेली यंत्रणा तपासून मान्यता देत नाही. त्यामुळे ‘एनएफपीए अप्रूव्ह्ड’ असे कुठे छापलेले दिसले, तर तिथेच पहिला प्रश्न विचारायला हवा.

‘फायर अँड सिक्युरिटी असोसिएशन ऑफ इंडिया’ (एफएसएआय) ही २००२ मध्ये स्थापन झालेली भारतीय संघटना. उत्पादक, सल्लागार, ठेकेदार अशा क्षेत्रातील वेगवेगळ्या घटकांना ती एकत्र आणते. ब्रिटनमधील ‘इन्स्टिट्यूशन ऑफ फायर इंजिनीअर्स’मध्ये मात्र ‘मेंबर’ ही श्रेणी पात्रता आणि अनुभव तपासून दिली जाते. म्हणजे शब्द एकच असला, तरी त्यामागचे निकष वेगळे.

सदस्यत्व आणि सर्टिफिकेशन यात फरक काय?

सदस्यत्व बहुतेकदा शुल्कावर मिळते, सर्टिफिकेशन परीक्षेवर. एनएफपीएचे ‘सीएफपीएस’ किंवा सुरक्षा क्षेत्रातील ‘एसिस इंटरनॅशनल’चे ‘सीपीपी’ ही परीक्षा देऊन मिळणारी प्रमाणपत्रे आहेत. मात्र ती व्यक्तीची असतात, कंपनीची नव्हे. अशी व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर लेटरहेडवरील उल्लेखाला अर्थ उरत नाही.

सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपन्यांचे काय?

या कंपन्यांना २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. व्यवसायात तो ‘पसारा लायसन्स’ म्हणून ओळखला जातो. काही कंपन्या रक्षकांसोबत सीसीटीव्ही आणि फायर अलार्मचेही काम घेतात. पण पसारा परवाना फायर अलार्मच्या कामाला चालत नाही.

म्हणजे सदस्यत्व निरुपयोगी आहे का?

तसे नाही. बदललेली मानके, नवी उपकरणे, प्रशिक्षण यांची माहिती अशा संघटनांतून मिळते. लहान शहरातील ठेकेदारासाठी तर तो शिकण्याचा महत्त्वाचा मार्ग ठरू शकतो. दोन परवानाधारक एजन्सींमधून एक निवडताना सदस्यत्वाचा विचार जरूर करता येईल. परवाना मात्र आधी पाहायचा.

काम देण्यापूर्वी काय तपासावे?

- अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना, त्याची मुदत आणि तो कोणत्या कामासाठी आहे. परवान्यावरील नाव आणि कोटेशनवरील नाव एकच आहे का?
- सदस्यत्वाचा क्रमांक आणि ते चालू वर्षाचे आहे का. शंका असल्यास थेट संस्थेला विचारता येते.
- सर्टिफिकेशन कोणाच्या नावावर आहे आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष या कामावर असेल का.
- यंत्रणा ‘आयएस २१८९’ या भारतीय मानकानुसार बसवली जाणार असल्याचा कोटेशनमध्ये स्पष्ट उल्लेख.
- देखभालीच्या करारात ‘फॉर्म बी’ची जबाबदारी आणि प्रत्येक डिटेक्टरच्या चाचणीची नोंद.

यातील शेवटची बाब सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. पॅनलवर हिरवा दिवा दिसतो म्हणून प्रत्येक मजल्यावरचा डिटेक्टर धूर ओळखेलच असे नाही. त्यामुळे जानेवारी किंवा जुलैमध्ये तंत्रज्ञ येईल, तेव्हा कमिटीतील एकाने त्याच्यासोबत मजल्यांवर फिरून चाचणी समोर करून घ्यावी आणि मगच ‘फॉर्म बी’ स्वीकारावा.