मुदतीचा मुक्काम

परमुलखात राहावयाचे तर तेथील सत्तेची अनुज्ञा घ्यावी लागते, आणि ती एकदा मिळवून भागत नाही, तर मुदत सरण्यापूर्वी पुनःपुन्हा पदरात पाडून घ्यावी लागते, हा व्यवहार पालघर-तारापूरच्या किनारपट्टीने निरनिराळ्या अंमलांत निरनिराळ्या रूपांनी पाहिला आहे. येथून उत्तरेस असलेल्या संजाण बंदरी उतरलेल्या पारशांना जादी राणाने भाषा, स्त्रियांचा वेष, शस्त्रत्याग, सायंकाळचे विवाह अशा अटींवर आश्रय दिला, असे ‘किस्से-इ-संजाण’ सांगते. हे काव्य इ. स. १६०० च्या सुमाराचे, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी रचलेले असल्यामुळे त्यातील तपशील इतिहास म्हणून कितपत ग्राह्य धरावा हा प्रश्न आहेच; तथापि त्या कौलाला मुदत नव्हती, एवढे त्यावरून म्हणता येते. अटी मान्य करावयाच्या आणि पिढ्यानपिढ्या नांदावयाचे, असा तो मामला होता. पुढे पोर्तुगीजांच्या अंमलात गलबतांना ‘कार्ताज’ नावाचा परवाना जवळ बाळगल्यावाचून समुद्रात निर्धास्तपणे फिरण्याची सोय राहिली नाही, आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम-तारापूर मराठ्यांच्या ताब्यात आले तेव्हा अंमलदार बदलले, शिक्के बदलले, पण परवान्याची रीत काही उठली नाही.

आजच्या अर्थाने ज्याला तात्पुरता निवासपरवाना म्हणता येईल असा कागद मात्र या भागाच्या परिचयाचा झाला तो तारापूरच्या अणुवीज केंद्रामुळे. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत-अमेरिका सहकार्याचा करार झाला, १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी कंत्राट ठरले, बांधकामाची जबाबदारी बेक्टेल कंपनीकडे गेली, आणि ज्या टापूत तोवर मासेमारी, मिठागरे, बागायती आणि चिंचणीचा डायमेकिंगचा धंदा एवढाच पसारा होता, तेथे अमेरिकन तंत्रज्ञ मुक्कामास आले. या मंडळींना लागू असलेला कायदा ब्रिटिशांनी महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली केलेला होता. दीर्घ मुदतीसाठी आलेल्या परदेशी मनुष्याने आपली नोंदणी करावी, नोंदणीचा दाखला जपावा, पत्ता बदलल्यास कळवावे आणि देश सोडताना तो दाखला परत करावा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम. जिल्ह्यातील नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. आणि पालघर हा त्या काळी ठाणे जिल्ह्याचा तालुका असल्यामुळे समुद्रकाठच्या तारापुरात राहणाऱ्या अमेरिकनाची दप्तरी नोंद ठाण्याच्या कचेरीत.

परंतु मोठ्या कंत्राटदाराच्या पदरी असलेल्या परदेशी मनुष्याला हे सारे जाचक वाटत असेल असे समजण्याचे कारण नाही. त्याचे कागद कंपनीची कचेरी सांभाळते, मुदतवाढीचे अर्ज तीच करते, आणि त्याला हवे असणारे राष्ट्र तो येण्यापूर्वीच दार उघडून उभे असते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी दोन्ही अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या, काम आटोपले, आणि त्याबरोबरच त्या मुक्कामाचे प्रयोजनही आटोपले. 

परदेशी कोण, हेही कायदाच ठरवितो आणि कायदाच बदलतो. १९४६ च्या परकीय नागरिकविषयक कायद्यातील मूळ व्याख्या ब्रिटिश प्रजाजनत्वावर बेतलेली होती. १९५७ मध्ये ती दुरुस्त होऊन जो भारताचा नागरिक नाही तो परदेशी, असे स्वच्छ ठरले. म्हणजे स्वातंत्र्य मिळून दहा वर्षे लोटेपर्यंत अस्सल इंग्रज मनुष्य आपल्या कायद्याच्या लेखी परदेशी नव्हता! उलट ३१ जुलै १९५० च्या तहान्वये नेपाळी माणसाला येथे राहण्यास, नोकरी-धंदा करण्यास मोकळीक आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी करणारा नेपाळी पहारेकरी कोणत्याही निवासपरवान्यावाचून तेथे उभा असतो. शेजारच्या बोईसरच्या लॉजमध्ये एखादा परदेशी उतरला, तर मात्र चालकाला चोवीस तासांच्या आत त्याची माहिती भरून द्यावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, २०१८ पासून नोंदणीचे काम संगणकावरून होऊ लागले, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून १९३९ व १९४६ चे दोन्ही कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच कायदा अंमलात आला, ज्यात मुदतीपलीकडे राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

मधल्या काळात ओघ उलटा वाहू लागला होता. आखाती देशांत तेलाचा पैसा खेळू लागल्यावर तेथे कारखाने, शुद्धीकरण केंद्रे, नळजाळी उभारण्यासाठी हात हवे होते, आणि बोईसरच्या कारखान्यांत ज्यांचा हात बसला होता असे वेल्डर, फिटर, रिगर मुंबईच्या एजंटांच्या पायऱ्या चढू लागले. तारापुरास आलेला अमेरिकन आणि येथून सौदी अरबस्तानात दम्माम-जुबैलला गेलेला वेल्डर, दोघेही कसबी, दोघेही कामापुरते बोलावलेले. पण दोघांच्या परवान्यांत जमीन-अस्मानाचे अंतर.

सौदी अरबस्तानातील हा परवाना म्हणजे ‘इकामा’. त्याची वाटचाल सुरू होते मुंबईतल्या वैद्यकीय तपासणीपासून. छातीच्या क्ष-किरण चित्रात जुन्या क्षयाचा बरा झालेला व्रण दिसला तरी ‘अनफिट’चा शेरा बसू शकतो, आणि एजंटाला दिलेले पैसे अडकून पडतात. तिकडे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी, बोटांचे ठसे, आणि नव्वद दिवसांच्या आत मालकाने इकामा काढून द्यावयाचा. आता ते प्लास्टिकचे कार्ड झाले आहे. पूर्वी ती लहानशी पुस्तिका असे, मुसलमानांसाठी हिरवी आणि इतरांसाठी तपकिरी, म्हणजे रस्त्यात अडविणाऱ्या शिपायाला आत उघडून पाहण्याचेही श्रम नकोत. पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात आणि इकामा कामगाराच्या खिशात, अशी वाटणी कैक वर्षे चालली. मुदतीची गणना पूर्वी हिजरी सनाप्रमाणे होई. ते वर्ष आपल्या व्यवहारातील वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे घरच्या भिंतीवरील कालनिर्णयावर केलेली खूण दर साली मागे सरकवावी लागे.

खरा पेच याहून निराळा आहे. इकाम्याचे नूतनीकरण कामगाराच्या हातीच नसते. ते करावयाचे कफीलाने, म्हणजे ज्याच्या नावावर तो कामगार आला त्या मालकाने. त्याने पैसे वाचविण्यासाठी वा नुसत्या हलगर्जीपणाने ते टाळले, तरी तपासणीच्या वेळी पकडला जातो कामगारच, आणि कागदाशी कर्तव्य असलेला यजमान आपल्या घरी सुखरूप असतो. कामगाराने दुसरीकडे काम धरले, किंवा नुसता थकलेला पगार मागितला, तर कफील तो पळून गेल्याची वर्दी देऊ शके. या वर्दीला तेथील आपले लोक ‘हुरूब लागणे’ म्हणतात, आणि ती लागली की कालपर्यंत कायदेशीर असलेला मनुष्य काहीएक न करता बेकायदा ठरतो. मग मायदेशी परतण्यासाठी वकिलातीतून ‘आउटपास’ मिळविण्याच्या खटपटी. २०१३ मध्ये सौदी सरकारने कागदपत्रे सुधारून घेण्यास किंवा बिनदंड निघून जाण्यास मुदत दिली, ती ३ नोव्हेंबरला संपली. लाखो परदेशी कामगारांनी तिचा लाभ घेतला, यावरूनच कागद बिघडलेल्यांची संख्या किती असेल याचा अदमास करावा.

आणि कफील सज्जन असला म्हणूनही निश्चिंती नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा तेथील निवासपरवान्यांमागची सत्ताच एका दिवसात नाहीशी झाली, आणि सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मुख्यतः अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले.

मार्च २०२१ पासून सौदीत कफीलाच्या संमतीवाचून नोकरी बदलण्याची आणि सुट्टीवर येण्याची वाट काही अटींवर मोकळी झाली आहे, आणि ती सुधारणा लहान नव्हे. घरकामगार आणि घरगुती वाहनचालक तिच्यातून वगळले गेले, हेही नमूद केले पाहिजे. त्यापूर्वी दोन वर्षे, २०१९ मध्ये, कफील मुळीच न लागणारा इकामाही निघाला होता: वर्षाचा एक लाख रियालांना, कायमचा आठ लाखांना. बोईसरच्या वेल्डराला हा भाव कळविण्याची तसदी कोणा एजंटाने घेतल्याचे ऐकिवात नाही.