विश्वाचा शेवट कशावर अडला आहे?

लेखांक नववा

गेल्या लेखात आपण सूर्याचा शेवट पाहिला. साधारण पाचशे कोटी वर्षांनी तो फुगेल, तांबडा होईल आणि मग आक्रसून श्वेत बटू म्हणून निवत राहील. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा की सूर्याचं कळलं, पण असे असंख्य सूर्य ज्यात आहेत त्या विश्वाचं काय? ते कधी सुरू झालं आणि कधी संपणार? हे दोन प्रश्न नेहमी जोडीनं विचारले जातात, पण उत्तरांची तोलामोलाची जोडी नाही. आरंभाबद्दल आपल्या हाती मोजमापं आहेत. शेवटाबद्दल फक्त हिशेब आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी रक्कम नुकतीच पुन्हा वादात सापडली आहे.

आधी आरंभ. केबलपूर्वीचा टीव्ही ज्यांनी पाहिलाय त्यांना पडद्यावरच्या मुंग्या आठवत असतील. प्रक्षेपण संपलं किंवा गच्चीवरची अँटेना वाऱ्यानं फिरली की पडदाभर त्या वळवळायच्या. बहुतेक मुंग्या आसपासच्या उपकरणांच्या आणि खुद्द टीव्हीच्या आतल्या गोंगाटाच्या. पण शंभरातली एखादी थेट विश्वाच्या बालपणातून आलेली असायची.

हे कळलं ते एका अडचणीतून. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल प्रयोगशाळेची कर्ण्याच्या आकाराची, वीस फुटी तोंडाची एक अँटेना होती. आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना तिच्यावर आपल्या आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजायच्या होत्या. पण अँटेना कुठेही रोखली तरी मागे एक बारीक खरखर उरायचीच. न्यूयॉर्ककडे तोंड केलं तरी तेवढीच, पाठ केली तरी तेवढीच. दिवस-रात्र, उन्हाळा-हिवाळा, काही फरक नाही. कर्ण्यात कबुतरांच्या एका जोडीनं बिऱ्हाड थाटलं होतं. ती पकडून कंपनीच्या टपालातून दुसऱ्या गावच्या कार्यालयात पाठवली. तिथे सोडताच पठ्ठी परत हजर! विष्ठा खरवडून काढली, पत्र्याच्या सांध्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली. खरखर हटेना. मोजली तेव्हा निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे साडेतीन अंशांची भरली.

तिथून जवळच प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमकी हीच खरखर पकडायला यंत्र बांधत होते. फोनाफोनी झाली आणि १९६५ मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकाच नियतकालिकात पाठोपाठ छापून आले. पेन्झियास आणि विल्सन यांनी आपल्या निबंधात विश्वाच्या जन्माचा विषयच काढला नाही; एका वाक्यात प्रिन्स्टनकरांकडे बोट दाखवून ते मोकळे झाले. विल्सन यांना स्वतःला तर आरंभ नसलेलं विश्वच अधिक पटत होतं. या शोधाचं १९७८ चं नोबेल मात्र या दोघांनाच मिळालं. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी असं प्रारण असणार आणि ते पाच अंशांच्या आसपास असेल, हे १९४८ मध्येच कागदावर मांडून ठेवलं होतं. त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, हे मला आजही खटकतं.

ही खरखर म्हणजे नक्की काय? दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत हे लमेत्र आणि हबल यांनी १९२७ ते १९२९ च्या दरम्यान दाखवून दिलं होतं. आज सगळं पांगतंय, तर काल सगळं जवळ होतं. जवळ होतं म्हणजे दाट आणि तापलेलं होतं. पहिल्या काही मिनिटांत त्या भट्टीत वस्तुमानाच्या सुमारे पाव भागाचं हेलियम झालं आणि बाकी जवळजवळ सगळा हायड्रोजन उरला. आज विश्वात हेलियमचं प्रमाण तेवढंच भरतं, आणि हा पुरावा खरखरीइतकाच भक्कम आहे. पुढे सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं विश्व धुरकटच होतं. सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊच देत नव्हते. तापमान ३,००० अंशांवर उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंत अडकले आणि प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतो आहे. दरम्यान विश्व अकराशे पट ताणलं गेल्यानं त्याची तरंगलांबीही तेवढीच ताणली गेली आणि तो सूक्ष्म लहरींत उतरला. तुमच्या समोरच्या हवेच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये या घडीला त्याचे सुमारे चारशे कण आहेत.

कोबे हा उपग्रह नोव्हेंबर १९८९ मध्ये सुटला. पुढच्या जानेवारीत अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत त्याचा पहिला आलेख पडद्यावर आला. मोजलेले बिंदू सिद्धांताच्या रेषेवर इतके बिनचूक बसले होते की सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तापमानाचा आजचा आकडा २.७२५ अंश. पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी या प्रारणातले लाखात एक भागाइतके चढउतार मोजले, आणि त्यावरून विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं निघालं.

या कहाणीतला एक पक्ष आपल्या अगदी घरचा आहे. फ्रेड हॉईल यांचा स्थिर-स्थिती सिद्धांत सांगत होता की विश्वाला आरंभच नाही. ते प्रसरण पावतं आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य जन्मत राहतं. १९६१ मध्ये केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या मोजदादीवरून हा सिद्धांत मोडीत काढायला घेतला, तेव्हा रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला हॉईल यांच्या बाजूनं उभा राहिला तो त्यांचा बाविशीतला विद्यार्थी, कोल्हापूरचे जयंत नारळीकर. १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित आवृत्ती मांडली. तीत विश्व आलटून पालटून प्रसरण आणि आकुंचन पावतं, एका महास्फोटाऐवजी लहान लहान स्फोट होत राहतात, आणि ती खरखर म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, अवकाशातल्या धातूच्या सूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा बाहेर टाकलेला. बहुतेकांना हे पटलं नाही. माझं मत विचाराल तर कोबेच्या आलेखानंतर ती बाजू सावरणं कठीणच होतं. पण बहुमत म्हणजे पुरावा नव्हे हे नारळीकरांनी मे २०२५ मध्ये जाईपर्यंत सोडलं नाही, आणि पुण्यात आयुकासारखी संस्था उभी करताना तिथे आपलं मत कोणावर लादलंही नाही.

आता शेवट. १९९८ पर्यंत गणित सोपं वाटायचं. गुरुत्वाकर्षण ओढतं, प्रसरण मंदावतं, प्रश्न फक्त इतकाच की ते थांबून उलटेल की रेंगाळत चालूच राहील. दोन गटांनी हे मंदावणं मोजायला घेतलं. त्यांची पट्टी होती सुपरनोव्हांचा एक विशिष्ट प्रकार. श्वेत बटूचं वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेपाशी, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीला पोचलं की तो फुटतो. फुटताना जवळजवळ ठरलेलं तेज देतो, म्हणून तो किती मंद दिसतो यावरून त्याचं अंतर कळतं. दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेहून मंद निघाले. अर्थ उलटाच होता. प्रसरण मंदावत नव्हतं, वेग घेत होतं. पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं, आणि वेग देणाऱ्या त्या अनोळखी गोष्टीला कृष्ण ऊर्जा असं नाव पडलं. विश्वातल्या एकूण जमाखर्चात तिचा वाटा सुमारे ७० टक्के. नाव मिळालं म्हणून ओळख पटली असं मात्र नाही.

ही ऊर्जा कायम आहे तेवढीच राहिली, तर पुढचं बरंचसं सांगता येतं. दहा-पंधरा हजार कोटी वर्षांनी आपल्या शेजारच्या दीर्घिकांपलीकडचं सगळं क्षितिजाआड जाईल. तेव्हा कुणी खगोलशास्त्रज्ञ असलाच, तर दूर पळणाऱ्या दीर्घिका त्याला दिसायच्याच नाहीत आणि ती खरखरही पुढे ऐकू न येण्याइतकी क्षीण होईल. महास्फोट त्याला कळायचा कसा? कोटीच्या कोटीपट वर्षांनी नवे तारे जन्मणं संपेल. मग उरतील निवलेले श्वेत बटू, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं. हॉकिंग यांच्या गणितानुसार कृष्णविवरंही झिजतात. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर संपायला १ वर ६७ शून्यं एवढी वर्षं लागतील, अतिप्रचंड कृष्णविवरांना १ वर शंभराच्या आसपास शून्यं. आपला परार्धसुद्धा १ वर १७ शून्यांशी थांबतो. इथे कुणीतरी ब्रह्मदेवाच्या दिवसाची ४३२ कोटी वर्षं काढतोच. कल्पनेची झेप मोठीच, पण मोठा आकडा आणि मोजलेला आकडा यांत फरक करायला हवा.

मधे आणखी एक गाठ आहे. प्रोटॉन स्वतः टिकतो का? टिकत नसेल तर ते निवलेले तारेही अखेर विरून जातील. हे पाहायला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि जपानमधले शास्त्रज्ञ १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, लोखंडी पत्र्यांचा शोधक लावून बसले होते. प्रोटॉनच्या क्षयासारख्या काही घटना दिसल्याचं त्यांनी जाहीरही केलं. पुढच्या मोठ्या प्रयोगांनी दुजोरा दिला नाही. जपानच्या सुपर-कामिओकांडेत ५० हजार टन पाण्यावर १९९६ पासून पाळत आहे. एकही प्रोटॉन मोडताना खात्रीनं पकडला गेलेला नाही, त्यामुळे त्याचं आयुष्य किमान १ वर ३४ शून्यं इतकी वर्षं धरावं लागतं.

पण हे सगळं कृष्ण ऊर्जा बदलत नाही या गृहीतावर उभं आहे. ॲरिझोनातल्या किट पीकवर डेसी नावाचं उपकरण ५,००० प्रकाशतंतूंनी एकाच वेळी तेवढ्या दीर्घिकांचा वर्णपट घेतं. एप्रिल २०२४ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले, मार्च २०२५ मध्ये जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांच्या नोंदींवरून पुढचे. सुपरनोव्हा आणि प्लँकच्या आकड्यांशी सांगड घातली की कृष्ण ऊर्जा अलीकडच्या काळात किंचित क्षीण होत असावी असं दिसतं. खात्रीचं माप, कोणते सुपरनोव्हा हिशेबात धरता त्यावर अवलंबून, २.८ ते ४.२ सिग्मा, भौतिकशास्त्रात शोध लागला म्हणायला ५ लागतात. म्हणजे बातमी पक्की नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगीही नाही. ती क्षीण होत गेली तर प्रसरण मंदावू शकेल, अगदी उलटून सगळं पुन्हा एकत्र कोसळूही शकेल. उलट ती वाढत गेली तर दीर्घिका, तारे, शेवटी अणूसुद्धा फाटतील. ही शेवटची शक्यता मला सर्वांत कमी संभवनीय वाटते, पण वाटण्याला इथे किंमत नाही.

तेव्हा विश्व अमुक प्रकारेच संपणार असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर त्याला एकच विचारा, ‘कृष्ण ऊर्जेचं काय धरलंत?’ चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा, २०२३ मध्ये सुटलेली युक्लिड दुर्बीण आणि डेसीची पुढची वर्षं यांच्या नोंदी आल्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेही नाही. आणि शेवट तर दूरच, विश्व आज किती वेगानं पसरतंय यावरही दोन पद्धतींची उत्तरं जुळत नाहीत. एक ६७ म्हणते, दुसरी ७३. तो तंटा, आणि तो सोडवायला हिंगोली जिल्ह्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेची मदत कशी होऊ शकेल, हे पुढच्या आठवड्यात.