जोहार आणि जयभीम

आलापल्लीहून हेमलकसामार्गे आम्ही भामरागडला पोहोचलो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा हा संगम. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. सीमा सरकारने आखली; माडिया गोंडांच्या सोयरिकी मात्र दोन्ही काठांवर आहेत. पर्लकोटेला पूर आला की वर्षानुवर्षे हे गाव तुटत आले आहे. महासत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी एक पावसाळा इथे काढून पाहावा!

गावात आम्ही 'जयभीम' म्हटले, समोरून 'जोहार' आला. पुढे बोलायला शाळकरी पोरगाच दुभाषी झाला. ज्या लेकराची मायबोली माडिया, त्याच्या हाती पहिल्याच वर्षी मराठी पुस्तक द्यायचे आणि त्याने शाळा सोडली की 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' असा शिक्का मारायचा, ही कुठली नीती? २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संथाली आठव्या अनुसूचीत आली. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख भाषिक असलेली गोंडी आजही बाहेरच आहे.

बाबासाहेबांच्या संविधानातील पाचवी अनुसूची या भागाला लागू आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदू, बांबू, मोह यांवर वननिवासींची मालकी मान्य केली. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. संघटित गाव काय करू शकते, त्याचा हा पुरावा. दुसरीकडे एटापल्ली तालुक्यात, माडियांचा ठाकूरदेव ज्या सुरजागडच्या डोंगरावर, तिथेच लोहखनिजाची खाण खणली जात आहे.

यांना 'वनवासी' म्हणणाऱ्यांचा डाव ओळखा. वनवासी म्हणजे केवळ वनात राहणारा. त्याला उद्या उठवता येते. आदिवासी म्हणजे मुळापासूनचा रहिवासी. शब्द बदलला की हक्कही निसटतो.

बांधवांनो, आमच्या वस्त्यांतून आज वकील, शिक्षक, अभियंते निघाले आहेत. जयंतीच्या मिरवणुकीतून वाचलेले चार दिवस त्यांनी या गावांना द्यावेत. वनहक्काचा दावा कसा भरायचा, नकाशा कसा जोडायचा, नामंजुरीवर अपील कुठे करायचे, हे ग्रामसभेत बसून समजावून सांगावे. त्याआधी त्यांची भाषा थोडी शिकावी आणि त्यांचे ऐकून घ्यावे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हा मंत्र इंद्रावतीच्या काठालाही लागू आहे.