घरी बांधलेला वीजपुरवठा

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावात रेडिओ किंवा चार्जर दुरुस्त करणाऱ्याला कधी 5, तर कधी 12 व्होल्टची स्थिर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. घरी बांधलेल्या साधनात ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचा दाब उतरवतो, चार डायोडांचा पूल प्रवाहाला एकच दिशा देतो, कपॅसिटर त्यातील चढउतार सपाट करतो, आणि एलएम 317 हा नियामक आपल्या दोन टोकांत 1.25 व्होल्टचा फरक कायम राखत असल्याने बदलत्या रोधाची खुंटी फिरवून हवे ते व्होल्टेज मिळवता येते. खरी कसोटी उष्णतेची असते: नियामकाने 24 व्होल्ट घेऊन 5 व्होल्टला 1 अँपिअर दिल्यास 19 वॅट उष्णतेत जातात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा मोठा हीटसिंक अनिवार्य ठरतो, फ्यूज आणि धातूच्या पेटीचे अर्थिंग यांत तर काटकसर मुळीच करू नये.