बोथ्याचे रान आणि त्यातील वाटा

इंग्लंडातील खेड्यांत काही दिवस राहून आलेली मंडळी तेथील रानांविषयी मोठ्या कौतुकाने बोलतात. ओक वृक्षांची दाट राई, वसंत ऋतूत तिच्या तळाशी पसरलेली निळी फुले, मधून जाणारी स्वच्छ पायवाट, आणि त्या वाटेने कुत्रा सोबत घेऊन निर्धास्तपणे फिरणारी कुटुंबे. हे चित्र ऐकणाऱ्यास मोह पाडील असेच आहे. ते ऐकून आपल्या मनात सहज प्रश्न येतो की, असे रान आपल्याकडे कोठे आहे? रान आहे, आणि ते फार दूरही नाही. परंतु ते त्या चित्रासारखे नाही. आणि ते तसे का नाही, हे समजून घेण्यातच खरी मौज आहे. आज मी आपणांस अशाच एका रानाची ओळख करून देणार आहे.

वऱ्हाडच्या पश्चिम टोकास बुलढाणा जिल्हा आहे. मुंबईहून नागपुरास जाणारी आगगाडी मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी स्थानके घेत कापसाच्या काळ्या सपाटीवरून धावते. ही सपाटी म्हणजे पूर्णा नदीचे खोरे. तिच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग भिंतीप्रमाणे उभी आहे. मलकापुराकडून राजूर घाट चढून वर आले म्हणजे पठारावर बुलढाणा शहर लागते. येथील हवा खालच्या सपाटीपेक्षा पुष्कळच थंड. गावाचे मूळ नाव भिलठाणा, म्हणजे भिल्लांचे ठाणे, असे सांगतात. तेथून खामगावाकडे जाणारा रस्ता थोड्याच वेळात रानात शिरतो. हेच बोथ्याचे रान. 1997 साली त्यास ज्ञानगंगा अभयारण्य असे नाव मिळाले व सुमारे 205 चौरस किलोमीटर मुलूख वन्य प्राण्यांसाठी राखण्यात आला.

ज्या नदीवरून हे नाव पडले ती ज्ञानगंगा या डोंगरांतून उत्तरेकडे वाहते. तिचे पाणी पूर्णेतून तापीस व तापीतून पश्चिम समुद्रास मिळते. याच जिल्ह्याच्या डोंगराळ भागात पैनगंगाही उगम पावते. परंतु ती आग्नेयेकडे वळते व वर्धा, गोदावरी असा प्रवास करीत पूर्व समुद्रास जाते. म्हणजे या पठारावर पडलेल्या पावसाचे थेंब दोन दिशांना पांगतात आणि दोन निरनिराळ्या समुद्रांत जाऊन पोहोचतात. पैनगंगेचे नाव आपण लक्षात ठेवावे. पुढे एका प्रवाशाच्या हकिकतीत ते पुन्हा यावयाचे आहे.

आता रानाकडे वळू. डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या रसाच्या थरांवर थर साचून झालेला. उतारावर माती पातळ. त्यामुळे पावसाचे पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते अधिक. पाऊस येतो तो चार महिने, आणि पुढचे आठ महिने झाडांनी त्याच शिधोरीवर काढावयाचे. साग, सालई, धावडा, ऐन, खैर, तेंदू, पळस, मोह ही येथील झाडे हे गणित पक्के जाणतात. पानांतून पाणी उडून जाते. म्हणून उन्हाळा आला की पानेच टाकून द्यावयाची, हा त्यांचा उपाय. इंग्लंडातील ओकही पाने गाळतो, परंतु तो हिवाळ्यात. कारण तेव्हा तेथे सूर्यप्रकाश अपुरा असतो आणि गारठलेल्या जमिनीतून पाणी ओढून घेणे मुळांस जड जाते. युक्ती एकच, शत्रू मात्र निराळा. त्यांचे रान थंडीस भिऊन निजते, आपले उन्हास भिऊन.

तथापि आपले रान पुरते निजत नाही, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. माघ-फाल्गुनात सर्वत्र पानगळ झालेली असताना पळस लाल केशरी फुलांनी भरून जातो. पाने नसल्याने ती फुले लांबवरून पाखरांच्या नजरेस पडतात. साळुंक्या, शिंजीर व इतर पाखरे मधासाठी त्यांवर गर्दी करितात व परागांची देवघेव करून देतात. इंग्लंडातील निळी फुलेही हाच हिशेब निराळ्या रीतीने मांडतात. डोक्यावरील झाडांना पाने फुटून सावली दाटण्यापूर्वीच ती फुलून घेतात. त्यानंतर आपल्याकडे मोहाची पाळी येते. त्याची गोड, मांसल फुले रात्री गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. हरणे, रानडुकरे व अस्वले त्या सड्यावर ताव मारावयास येतात, आणि उजाडता उजाडता टोपली घेऊन माणसेही तेथेच येतात. या भेटीचे परिणाम काय होतात ते पुढे सांगतो.

या रानाचा खरा मानकरी म्हणजे अस्वल. सर्कशीतील नाचऱ्या अस्वलावरून ज्यांनी त्याची कल्पना बांधली असेल त्यांनी ती सोडून द्यावी. हा प्राणी मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध आणि फळे यांवर जगतो. वाळवीचे वारूळ त्याने बोटभर लांबीच्या नखांनी फोडावे, धूळ फुंकून दूर करावी, आणि मग ओठांची नळी करून आतील वाळवी जोराने ओढून घ्यावी, असा त्याचा क्रम असतो. त्यासाठी निसर्गाने त्याच्या वरच्या जबड्यातील पुढचे दोन दात मुळी दिलेलेच नाहीत! त्या फटीतून वाळवी सुलभपणे आत जाते. तो ओढण्याचा आवाज शांत रात्री बराच दूरवर ऐकू येतो. मादी पिलांना पाठीवर घेऊन हिंडते. हे सारे गमतीचे खरे. परंतु या प्राण्याची दृष्टी मंद आहे. माणूस अचानक अगदी जवळ आला म्हणजे तो पळून जाण्याऐवजी अंगावर धावून येतो. बिबट्या माणसाची चाहूल लागताच बहुधा बाजूस होतो; अस्वलाच्या बाबतीत तसा भरवसा नाही.

बिबट्याखेरीज येथे तरस, कोल्हा व रानमांजर हे मांसाहारी प्राणी आहेत. गवत-पाल्यावर जगणाऱ्यांत चितळ, भेकर आणि रोही. रोह्यास पुस्तकी भाषेत नीलगाय म्हणतात. पण तो गाय नव्हे, कुरंगवर्गीय प्राणी आहे. नर निळसर करड्या रंगाचा व घोड्याएवढा उंच असतो. भेकर आकाराने लहान, परंतु भ्याले की कुत्र्यासारखे भुंकते. ते भुंकू लागले म्हणजे जवळपास बिबट्या फिरत असावा असे जाणकार ओळखतो. वानरे आणि चितळे यांचे सख्यही पाहण्याजोगे. वानर झाडावरून अर्धवट खाल्लेली फळे व डहाळ्या खाली टाकतो, त्या चितळांना आयत्या मिळतात. उलटपक्षी वानरास उंचावरून दिसते व चितळास वास आधी येतो. दोघांपैकी कोणीही ओरडले की दोघेही सावध होतात.

पाखरांचे म्हणाल तर वर्षभर मेळा असतो. मोर आहेतच. उन्हाळा संपत आला की पावशा दिवसरात्र ओरडू लागतो, आणि त्याच सुमारास नवरंग नावाचा देखणा पाहुणा दक्षिणेकडून येऊन वीण घालतो. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत रान ओळखू येत नाही. जे काल वाळलेल्या काटक्यांचे शेत होते ते आज हिरव्या छायेने भरून जाते. ज्यास एकदाच जावयाचे असेल त्याने उन्हाळ्यात जावे की पावसाळ्यानंतर, असे विचाराल तर माझे उत्तर असे: प्राणी पाहावयाचे असतील तर उन्हाळ्यात, कारण तेव्हा थोड्याच पाणवठ्यांवर सर्वांस यावे लागते, आणि रान पाहावयाचे असेल तर आश्विनात.

येथे वाटांचा प्रश्न येतो. इंग्लंडातील रानातून कोणीही एकटा भटकू शकतो. खासगी जमिनीतूनही सार्वजनिक पायवाटांनी जाण्याचा हक्क तेथील कायदा देतो. आपल्याकडे अभयारण्यात जावयाचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, वाटाड्याबरोबर जावे लागते, सूर्यास्तापूर्वी परत फिरावे लागते. पुष्कळांस ही अडचण वाटते. परंतु विचार करा: इंग्लंडातही एके काळी लांडगे होते, अस्वले होती. ती शतकांपूर्वीच तेथून नाहीशी झाली. आज तेथील पायवाट निर्धास्त आहे, कारण जे भिण्यासारखे होते ते त्या देशाने केव्हाच गमावून बसले आहे. आपणांस सोबती घेऊन, पाऊल जपून चालावे लागते. कारण आपले अस्वल अद्याप जिवंत आहे. ही अडचण म्हणजे एक प्रकारची श्रीमंतीच होय.

आता तो प्रवासी. यवतमाळ जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात, टिपेश्वर नावाचे लहानसे अभयारण्य आहे. तेथे जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात संशोधकांनी 2019 च्या फेब्रुवारीत एक पट्टा बांधला. तो पट्टा उपग्रहाच्या साहाय्याने वाघाचा ठावठिकाणा कळवीत असे. कागदोपत्री त्याचे नाव टी-1-सी-1. पुढे त्याची चाल पाहून वनाधिकाऱ्यांनी त्यास ‘वॉकर’ हे नाव दिले. तरुण नरास आईचे क्षेत्र सोडून स्वतःचे क्षेत्र शोधावेच लागते. टिपेश्वरात जागा नव्हती. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला. शेजारच्या तेलंगणातून फिरून, पैनगंगा अभयारण्य ओलांडून, मराठवाड्याची कड धरून तो पश्चिमेकडे सरकत राहिला आणि डिसेंबर 2019 मध्ये ज्ञानगंगेच्या रानात येऊन पोहोचला. ज्या नदीच्या खोऱ्यात तो जन्मला होता तिच्या उगमाकडील डोंगरांत तो आला होता! पट्ट्याने सुमारे नऊ महिन्यांत त्याच्या ठिकाणांच्या 5,000 हून अधिक नोंदी केल्या. त्यांवरून त्याची एकूण चाल सुमारे 3,000 किलोमीटर भरली. 2020 च्या एप्रिलमध्ये तो पट्टा काढून घेण्यात आला.

या आकड्याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याहून नवलाची गोष्ट ही की, हा प्रवास बहुतेक शेतांतून, नाल्यांतून आणि गावांच्या कडेने झाला. तो दिवसा झुडपांत पडून राही व रात्री चाले. रानडुकरे व गुरे मारून पोट भरी. एकदा माणसांचा जमाव तो विसावला होता त्या झुडपांतच शिरला, तेव्हा काहीजण जखमी झाले. एवढा एक प्रसंग सोडला तर हजारो माणसांच्या वस्तीतून तो कोणाच्या ध्यानीमनी नसता निघून गेला. ज्ञानगंगेत त्यास खाणे मिळाले, पाणी मिळाले, जागा मिळाली. नव्हती ती जोडीदारीण.

यातच आपल्या रानाचे दुखणे आहे. बोथ्याचे रान हे शेतांच्या समुद्रातील बेट झाले आहे. उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी, याच जिल्ह्यात अंबाबरवा अभयारण्य आहे आणि ते मेळघाटच्या मोठ्या अरण्यास जोडलेले आहे. तेथे वाघ आहेत. परंतु दोहोंच्या मधे पूर्णेचे खोरे पसरले आहे: कापूस-सोयाबीनची उघडी शेते, लोहमार्ग, आणि रात्रंदिवस मालमोटारी वाहणारा राष्ट्रीय महामार्ग. बेटावरील प्राणी कितीही सुरक्षित असले तरी बाहेरून नवे रक्त न आल्यास वंश दुबळा होत जातो. म्हणून नाल्यांच्या काठची झाडी, गावची गायराने, टेकड्यांवरील झुडपे हीच खरी मोलाची. तीस आपण पडीक जमीन म्हणतो. वाघाच्या दृष्टीने तो राजमार्ग आहे. ओढ्याकाठची एक झाडांची ओळ तोडली म्हणजे एका रानाचा दुसऱ्या रानाशी असलेला संबंध तुटू शकतो.

पण या गोष्टीची किंमत कोण देतो, हेही शहरात राहणाऱ्या आपण विसरता कामा नये. रोही आणि डुकरे रात्री शेतात उतरतात आणि उभे पीक तुडवून जातात. थंडीच्या दिवसांत शेतकऱ्यास माळ्यावर बसून जागल करावी लागते. मोह वेचणाऱ्या बाईची पहाटे अस्वलाशी गाठ पडते, तेव्हा तिच्या घरास रानाची शोभा सुचत नाही. नुकसानीची भरपाई सरकार देते. ती पुरेशी व वेळेवर मिळाली तरच रानाच्या शेजाऱ्याचे मन रानाविषयी निर्मळ राहील. ज्याच्या शेतावर हरीण चरते त्याला राग, आणि जो दुरून येऊन ते पाहतो त्याला आनंद, अशी वाटणी फार दिवस टिकत नसते.

तेव्हा आपण काय करावे? फार मोठे असे काही नव्हे. खामगाव-बुलढाणा रस्त्याने मोटारीतून जाल तेव्हा रानात वेग कमी ठेवा, विशेषतः सायंकाळनंतर. दिव्यांच्या झोतात दिपलेले जनावर जागीच उभे राहते. विडीचे थोटूक फेकू नका. वाळलेल्या गवतास तेवढे पुरे होते. वाटाड्या म्हणून गावातीलच माणूस घ्या व त्याचा मोबदला घासाघीस न करता द्या, म्हणजे रान उभे राहण्यात त्याच्या घराचाही लाभ राहील. आणि मुलांना सोबत न्या. त्यांना वाघ दिसेलच असे नाही. परंतु फुटलेले वारूळ, धुळीत उमटलेले पाऊल, पळसावरची पाखरे एवढे वाचता आले म्हणजे पुढे जेव्हा कोणी विचारील, की ही ओढ्याकाठची झाडी ठेवावी की तोडावी, तेव्हा योग्य उत्तर देणारी माणसे आपल्या घरांतून निघतील.