चोक, इंजेक्टर आणि उसाचं पेट्रोल

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला निघालं, की हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगावं लागतं. वडिलांची जुनी कार्बोरेटरची गाडी अशाच एका दुपारी मिसिंग करत बंद पडली. ढकलत बाभळीच्या सावलीला घेतली. दौंडकडून येणारा एक मिस्त्री आपणहून थांबला. त्यानं एअर फिल्टर उतरवला, कार्बोरेटर खोलला आणि मेन जेट उन्हाकडे धरला. पितळेच्या त्या सुईएवढ्या भोकातून उजेड पलीकडे येत नव्हता. त्यानं जोरात फुंकर मारली, पुन्हा उन्हाकडे धरला. आता उजेडाचा ठिपका दिसला. अर्ध्या तासात गाडी चालू. ‘फ्लोटच्या वाटीत पाणी आहे, टाकी धुऊन घ्या,’ एवढं सांगून तो गेला. पैसे घेतले नाहीत.

कार्बोरेटरवर माझी माया आहे ती अशी. तरीही रोज शिरूर-दौंड करणाऱ्यानं जुनी गाडी घेताना इंजेक्शनचीच घ्यावी, असं मी ठामपणे सांगतो.

कार्बोरेटरची करामत साधी आहे. इंजिन हवा ओढतं, अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल आपसूक खेचलं जातं. किती, ते भोकाच्या मापानं ठरतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पण पौषातली पहाट, वैशाखातली दुपार आणि साडेचार हजार फुटांवरचं महाबळेश्वर इथली हवा एकसारखी नसते. भोक मात्र तेच. म्हणून थंडीत चोक ओढून हवा कमी करायची, म्हणून घाटमाथ्यावर प्लग काळे पडायचे.

इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोल दाबानं पुढे पाठवतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो. धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण चुकलं की लगेच कळवतो. फोक्सवॅगननं 1967 मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा गाडीत बसवली. आपल्याकडे मारुती 800 ला एमपीएफआय, म्हणजे असंच इंजेक्शन, मिळालं ते 2000 च्या सुमारास, प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर. 1 एप्रिल 2020 ला प्रदूषणाचा बीएस-6 नियम आला आणि बहुतेक दुचाक्यांचाही कार्बोरेटर सुटला. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100, अस्सल कार्बोरेटरवाली. त्याच फियाटचा टाटांबरोबर भागीदारीतला कारखाना आज शिरूर तालुक्यात रांजणगावला आहे. तिथे नेक्सॉन आणि कंपास बनतात, इंजेक्शनच्या.

पण शिरूर-दौंड या आपल्या दोन तालुक्यांपुरता कार्बोरेटर की इंजेक्शन याचा निकाल लावलाय तो उसानं. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, आता सगळीकडे तेच आहे. उसाचा रस आणि मळी यांचं इथेनॉल होतं. म्हणजे ज्या ट्रॉलीमागे आपण अडकतो, तिच्यातला ऊस उद्या आपल्याच टाकीत येतो. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळावा, याबद्दल माझं दुमत नाही. मात्र इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला नऊच. त्यामुळे मिश्र पेट्रोलचं प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. सेन्सरवाली गाडी हे ओळखून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवते. कार्बोरेटरला काहीच कळत नाही. मिश्रण पातळ होतं, पिकअप जातो, इंजिन तापतं. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा पितं आणि जुने रबरी पाइप फुगवतं. फ्लोटमधलं ते पाणी मला आता वेगळंच आठवतं.

इंजेक्शनचीही दुखणी आहेत. पंप गेला तर न्हावऱ्याच्या रस्त्यावर फुंकर कामाची नाही. स्कॅनर लागतो आणि टोचनही. टाकी सतत रिझर्व्हला ठेवू नका, पंपाला थंडावा पेट्रोलचाच असतो. जुन्या इंजेक्शनच्या गाडीचेही पाइप तपासून घ्या. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला इंजेक्शन बसवायचा नाद मात्र नको. टाकीपासून वायरिंगपर्यंत सगळं बदलावं लागतं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीतल्या फेरफाराला आडवं येतं.

वडिलांची गाडी मी विकलेली नाही. मेन जेट एक नंबर मोठा घातला, पाइप इथेनॉल सोसणारे टाकले, टाकी धुतली. जास्त दिवस उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करतो. एरवी दर रविवारी सकाळी चोक ओढून न्हावऱ्यापर्यंत एक चक्कर.